टाळूपासून हनुवटीपर्यंत

महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या काठाला दासगाव आहे. खाली खाडी, वर दौलतगडाचा डोंगर आणि मधून मुंबई-गोवा महामार्ग. या पट्ट्यातल्या घरांत बाळ जन्माला आलं की रोजच्या न्हाणीची सुरुवात टाळूवर तेल घालून होते. न्हाऊ घालणारी मावशी कोमट खोबरेल तळहातावर घेते आणि बाळाच्या डोक्याच्या मधोमध, कपाळाच्या जरा वर, थापटत जिरवते. तिथे बोट ठेवलं तर मऊ लागतं आणि ठोके जाणवतात. "टाळू भरायला हवी," असं घरातल्या थोरल्या बायका सांगतात आणि नवी आई धास्तावते, की या खड्ड्याखाली लगेच मेंदू तर नाही?

भीती वाटणं साहजिक आहे, पण टाळू ही उणीव नव्हे. बाळाच्या डोक्यात ती मोकळी जागा असलीच पाहिजे. ती का असते आणि कशी भरते हे कळलं की कवटीच्या सगळ्या चपट्या हाडांची गोष्ट कळते, आणि थोड्या फरकाने जबड्याचीही.

पडद्यात तयार होणारं हाड

मांडीचं किंवा दंडाचं हाड आईच्या पोटात आधी कूर्चेचं असतं. कानाच्या वरच्या भागात जशी लवचीक कूर्चा लागते, तशाच पदार्थाचा त्या हाडाचा छोटा नमुना आधी तयार होतो आणि मग त्याच्या जागी हाड येतं. कवटीच्या घुमटाची हाडं हा टप्पा घेतच नाहीत. कपाळ, माथ्याची दोन हाडं, कानशिलाचा पातळ भाग आणि मागच्या हाडाचा वरचा भाग, ही सगळी मेंदूभोवतीच्या मऊ पडद्यात थेट तयार होतात.

गर्भ साधारण दोन महिन्यांचा झाला की त्या पडद्यात ठरावीक जागी पेशी गोळा होतात. त्या हाड बांधणाऱ्या पेशी बनतात, भोवती प्रथिनांचे धागे विणतात आणि त्या धाग्यांवर कॅल्शियम-फॉस्फेटचे कण बसतात. प्रत्येक हाड अशा एका-दोन केंद्रांपासून चहूबाजूंना पसरतं. माथ्याच्या हाडाचं केंद्र जिथे होतं, तो उंचवटा मोठेपणीही डोक्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागतो. कपाळाची हाडं तर मुळात दोन असतात, डावं आणि उजवं. त्यांच्यातली शिवण बहुतेक मुलांत पहिल्या वर्षभरात बुजू लागते आणि दोन वर्षांपर्यंत नाहीशी होते. काही मोजक्या माणसांत ती आयुष्यभर राहते आणि तिचा काही त्रास नसतो. क्ष-किरण चित्रात ती दिसली तर नवखा डॉक्टर हाडाला तडा गेला असं समजू शकतो.

कवटीचा तळ मात्र कूर्चेतून घडतो. म्हणजे एकाच कवटीत हाड घडण्याच्या दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी आहेत.

खाडीतला शिंगाळा

ही पडद्यातल्या हाडाची पद्धत माणसाने शोधलेली नाही, स्तन्य प्राण्यांनीही नाही. ती माशांकडून आली आहे. सावित्रीच्या खाडीकाठच्या माणसांना शिंगाळा ठाऊक असतो. त्याच्या अंगावर खवले नसतात, पण डोक्यावरून बोट फिरवलं की कातडीच्या लगेच खाली खरखरीत, दाणेदार हाडाची ढाल लागते. त्या ढालीतली कपाळाची हाडं आपल्या कपाळाच्या हाडासारखीच, कूर्चेचा नमुना न बनवता, कातडीखालच्या थरात तयार झालेली असतात.

चाळीस कोटी वर्षांहून आधीच्या समुद्रांत असे हाडाचं कवच ल्यालेले मासे पुष्कळ होते. 2013 साली चीनच्या युन्नान प्रांतातून एन्टेलोग्नाथस नावाच्या माशाचा जीवाश्म जगापुढे आला. तो सुमारे 41 कोटी 90 लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याच्या वरच्या-खालच्या जबड्यावर चपट्या हाडांचं आवरण आहे. माणसाच्या जबड्याची हाडं त्याच वंशातली मानली जातात. शिंगाळ्याचं डोकं आणि आपलं कपाळ यांचं नातं असं जुनं आहे.

दोन पत्रे आणि मधली जाळी

मोठ्या माणसाच्या माथ्याचं हाड कापून पाहिलं तर तीन थर दिसतात. बाहेर टणक पत्रा, आत टणक पत्रा आणि मध्ये जाळीदार हाड. तिन्ही मिळून जाडी बहुतेक ठिकाणी सहा-सात मिलिमीटर भरते. नवजात बाळात हे थर वेगळे नसतात. एकच पातळ, लवणारा पापुद्रा असतो. मधली जाळी पुढच्या काही वर्षांत पडते.

या जाळीत लाल अस्थिमज्जा असते आणि तिथे रक्तपेशी तयार होतात. मोठेपणी हात-पायांच्या लांब हाडांतली बरीच मज्जा चरबीची होते, पण कवटी, बरगड्या, छातीचं मधलं हाड आणि कंबरेची हाडं अशा जागी रक्त तयार होणं चालू राहतं. म्हणून थॅलेसेमियासारख्या आजाराची खूण चेहऱ्यावर उमटते. रक्त पुरत नाही म्हणून मज्जा फुगते, मधला थर जाड होतो, कपाळ पुढे येतं, गालाची हाडं आणि वरचा जबडा वर उठतो. मुलाला लहानपणापासून वेळच्या वेळी रक्त मिळत राहिलं तर हा बदल बहुतांशी टळतो. विदर्भ-खानदेशातल्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेलमध्येही कवटीचा मधला थर असा वाढू शकतो.

कानशिलाजवळ मात्र हे हाड फार पातळ आहे, आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटून एक धमनी जाते. महामार्गावर दुचाकी घसरून कानशिलावर मार बसला, हाड तडकलं आणि ती धमनी फाटली, तर रक्त हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साठत जातं. माणूस आधी उठून बसतो, बोलतो, "काही झालं नाही" म्हणतो आणि तासा-दोन तासांनी झोपाळतो. ती झोप थकव्याची समजून त्याला पडू देणं जीवघेणं ठरतं. डोक्याला मार लागल्यावर उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली की तडक रुग्णालय गाठायचं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला नसेल तर ते पहिल्या आपटीतच डोक्यावरून निघून जातं.

टाळू एकच दिसते, असतात सहा

जन्मावेळी कवटीची हाडं एकमेकांना भिडलेली नसतात. दोन हाडांमध्ये धाग्यांची शिवण असते आणि जिथे दोनाहून जास्त हाडांचे कोपरे जवळ येतात तिथे टाळू असते. अशा सहा जागा आहेत. हाताला नीट लागते ती पुढची, चौकटच्या एक्क्यासारख्या आकाराची. मागची त्रिकोणी आणि लहान. ती दोन-तीन महिन्यांत बंद होते. उरलेल्या चार कानाच्या पुढे-मागे असतात.

बाळ जन्माच्या वाटेने बाहेर येताना डोक्यावर मोठा दाब येतो. तेव्हा हाडांच्या कडा, छपरावरची कौलं एकमेकांवर सरकावीत तशा, थोड्या एकावर एक चढतात आणि डोकं लांबट होऊन सुटतं. म्हणून ताज्या बाळाचं डोकं निमुळतं दिसतं. ते काही दिवसांत आपोआप गोल होतं.

टाळूखाली उघडा मेंदू नसतो. कातडी, त्याखाली चिवट पडदा, त्याखाली मेंदूचं जाड आवरण, आणि मग मेंदूभोवतीचं पाणी. हलक्या हाताने तेल लावलं तर काही बिघडत नाही. आईच्या हाताचा स्पर्श बाळाला हवाच असतो. पण तेलाने टाळू भरत नाही. ती भरते भोवतालच्या चार हाडांच्या कडा पुढे सरकल्यामुळे, आणि बहुतेक मुलांत बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, काहींत दोन वर्षांपर्यंत. तेल नाकात-कानात मात्र कधी सोडू नये.

मेंदू ढकलतो तेव्हा हाड वाढतं

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो. वर्षाचं होईपर्यंत तो 46 च्या आसपास जातो. म्हणजे एका वर्षात सुमारे 12 सेंटिमीटर. दुसऱ्या वर्षी वाढ फक्त दोन-अडीच सेंटिमीटरची. पुढचा वेग आणखी मंद, कारण सहाव्या वर्षापर्यंत मेंदू जवळजवळ मोठ्या माणसाच्या मेंदूएवढा झालेला असतो.

ही वाढ हाड स्वतःहून करत नाही. आतला मेंदू वाढतो, हाडांना एकमेकांपासून दूर रेटतो, शिवणीतले धागे ताणले जातात आणि त्या ताणाला उत्तर म्हणून दोन्ही कडांवर नवं हाड बसतं. त्याच वेळी हाडाचा बाकही बदलावा लागतो, कारण लहान गोळ्याचा बाक मोठ्या गोळ्याला चालत नाही. म्हणून एका जागी हाड खाणाऱ्या पेशी काम करतात, दुसऱ्या जागी बांधणाऱ्या, आणि घुमट हळूहळू सपाट होत मोठा होतो. मेंदू वाढला नाही तर कवटी लहान राहते. मेंदूत पाणी साठलं तर तीच कवटी हाताबाहेर वाढते. दोन्हीकडे हाड आतल्याचं ऐकतं.

म्हणून डोकं गोल व्हावं यासाठी तळव्यांनी रोज दाबणं, हा आपल्याकडचा जुना प्रघात सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या आकाराची काळजी वाटते तो बाहेरून घडवायचा नसतो. बाळ एकाच कुशीवर पडून राहिल्याने डोक्याची एक बाजू चपटी झाली, तर कूस बदलावी, पाळण्याची दिशा बदलावी, जागेपणी आपल्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पालथं ठेवावं. झोपवायचं मात्र पाठीवरच. मोहरीची उशी घरोघर प्रेमाने शिवली जाते, पण तान्ह्याच्या अंथरुणात उशी नको असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. तिच्यात नाक दबून श्वास कोंडू शकतो.

शिवण वेळेआधी बुजली तर

सुमारे दोन ते अडीच हजार जन्मांत एका मुलाची एखादी शिवण जन्माआधी किंवा लगेच नंतर बुजते. तिथली वाढ थांबते आणि मेंदू मोकळ्या बाजूने जागा शोधतो. मधली लांब शिवण बुजली तर डोकं होडीसारखं लांबट होतं. कपाळाची बुजली तर कपाळ टोकदार. काहींत एखाद्या जनुकातला बदल कारण असतो, पुष्कळांत कारण सापडत नाही. उपाय शस्त्रक्रियेचा आहे आणि तो पहिल्या वर्षात केला तर हाड मऊ असल्याने निकाल चांगला लागतो. "मोठं झाल्यावर होईल नीट" म्हणत वर्ष घालवलं तर तीच सोय हातची जाते.

इनामगावचे कुंभ

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली ठळक नावं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात तिथे शेतकऱ्यांचं गाव होतं. दगावलेली लहान मुलं त्यांनी गावाबाहेर नेली नाहीत. दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवले आणि घराच्या जमिनीखालीच पुरले.

अशा कुंभातली बालकवटी अखंड घुमट म्हणून टिकणं अवघड असतं. शिवणीतले धागे कुजले की हाडं सुटी होतात आणि माती भरली की पातळ पापुद्रे मोडतात. संशोधकापुढे येतात ते तुकडे आणि त्याबरोबर जबडे. जबड्यात मात्र वयाची नोंद असते, कारण हाडाच्या आत कोणता दात किती तयार झाला यावरून मूल किती महिन्यांचं होतं ते सांगता येतं. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा अभ्यास केला. दुधाच्या दातांच्या बाहेरच्या टणक थरात राहिलेले दोष पाहून त्या मुलांच्या पोषणाबद्दलही संशोधकांना बोलता येतं.

कवट्या मोजून माणूस लावण्याचा उद्योग

कवटीची चपटी हाडं मोजपट्टीला सोपी असतात, म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांच्या मापांवरून माणसांच्या प्रती लावायचा उद्योग जोरात चालला. आपल्याकडे ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी डोक्याची आणि नाकाची मापं घेऊन जातींची उतरंड वंशाशी जोडली.

1927 हे साल महाडला विसरता येत नाही. 20 मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यालं गेलं, आणि डिसेंबरच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोटीने याच दासगाव बंदरात उतरले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये मानववंश आणि आनुवंशिकतेची कैसर विल्हेल्म संस्था उघडली. तिचे संचालक ऑयगेन फिशर यांच्याकडे पुढच्या काही वर्षांत इरावती कर्वे यांनी पीएच.डी. केली. विषय होता कवटीच्या दोन बाजूंतला फरक. युरोपीय गोऱ्यांच्या कवटीत हा फरक वेगळा असेल आणि त्याचा संबंध बुद्धीशी असेल, अशी फिशर यांची अपेक्षा होती. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि असा वंशागणिक फरक मिळत नाही, असं आपल्या मार्गदर्शकाच्याच संस्थेत लिहून दिलं. परक्या देशात शिकायला गेलेल्या विशीतल्या बाईने दाखवलेलं हे धैर्य मला त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाइतकंच मोलाचं वाटतं.

1948 मध्ये 'द अनटचेबल्स' या पुस्तकात डॉ. आंबेडकरांनी गो. स. घुर्ये यांनी संकलित केलेली नाकाची मापं घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे मांडलं. घुर्ये हे मुंबई विद्यापीठात इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते.

जबडा : तोच मार्ग, वेगळा धनी

खालचा जबडा काटेकोरपणे चपट्या हाडांत धरत नाहीत. त्याचा आकार फार वाकडातिकडा आहे. पण त्याचा मोठा भाग पडद्यातच तयार होतो. गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात, एका कूर्चेच्या दांडीच्या बाहेरच्या अंगाने, त्याचं हाड धरू लागतं. हासळीचं हाड तेवढं त्याच्या आधी. जन्मावेळी जबडाही डावा-उजवा असा दोन तुकड्यांत असतो आणि पहिल्या वर्षात हनुवटीशी जुळतो.

कवटीच्या घुमटाला मेंदू ढकलतो. जबड्यावर सत्ता दातांची आणि चावण्याच्या स्नायूंची. कानापुढच्या सांध्याशी कूर्चेची टोपी असते, तिथे जबडा मागे आणि वर वाढतो. सांधा जागचा हलत नाही, म्हणून प्रत्यक्षात हनुवटी खाली आणि पुढे येते. जबड्याच्या उभ्या भागाची मागची कड भरत जाते आणि पुढची कड झिजत जाते. त्या झिजलेल्या जागेत सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षाच्या आसपास एकेक दाढ येते. जागा कमी पडली तर अक्कलदाढ आडवी अडकते. लहान मुलाचा चेहरा डोक्याच्या मानाने चिमुकला दिसतो तो यामुळेच : मेंदूचं घर आधी बांधून होतं, चेहरा वीसएक वर्षांपर्यंत वाढत राहतो.

दात गेले की दातांना धरून ठेवणारं हाड निरुपयोगी होतं आणि शरीर ते काढून घेतं. काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत वेगाने होते. सगळे दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचा जबडा उंचीला निम्म्यावर येऊ शकतो, हनुवटी नाकाकडे चढते आणि कवळी बसेनाशी होते. कधी हनुवटीकडे जाणारी नस हाडाच्या वरच्या कडेला उघडी पडते आणि कवळीखाली दुखते. म्हणून दात किडला की उपटून मोकळं होणं हा पहिला उपाय नव्हे.

कोकणात बायका मिश्री लावतात. भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरडीला आणि गालाच्या आतल्या कातडीला रोज लागते. तिथे कर्करोग झाला तर तो लवकरच जबड्याच्या हाडात शिरतो, कारण हिरडी आणि हाड यांच्यात अंतरच नसतं. मग हाडाचा तुकडा कापावा लागतो. 1989 मध्ये न्यूयॉर्कचे डेव्हिड हिडाल्गो यांनी पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून त्याचा जबडा घडवल्याचं मांडलं. आज परळच्या टाटा रुग्णालयात ही शस्त्रक्रिया नित्याची आहे. पायाला ते हाड नसलं तरी चालता येतं. तरी हा लांबचा, वेदनेचा रस्ता आहे, आणि तो बव्हंशी टाळता येण्यासारखा आहे.

केव्हा दाखवायचं

शांत, उभ्या धरलेल्या बाळाची टाळू फुगीर दिसत असेल आणि सोबत ताप, उलट्या किंवा गळून जाणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. जुलाबात टाळू खोल गेली असेल तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय. तेल घालत बसू नये, मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस आणि दवाखाना. दोन वर्षांनंतरही टाळू मोठी राहिली तर मुडदूस आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. लसीला नेता तेव्हा डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहून मागा, आणि घरातल्या मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडातला पांढरा चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तिलाही त्याच फेरीत दाखवून आणा.